नजीराचाचीनं आतडी धुतली

कोल्हापुरात मासे कापून पोट भरायचं म्हणजे येड्याचं काम, असं नजीराचाचीचा नवराच म्हणायचा. गाव मटणाचं. पावणा आला की आधी बोकडाची चौकशी, मासा आठवणार तो मृगाला, नाहीतर डॉक्टरनं तंबी दिल्यावर. तरी या बाईनं मच्छी मार्केटच्या मागच्या गल्लीत लिंबाच्या एका ओंडक्यावर एकतीस वर्षं सत्तूर चालवला. मासा विकणारे आत बसतात, कापणारे बाहेर. गिऱ्हाईक आतून मासा घेऊन यायचं, चाचीसमोर टाकायचं आणि वर म्हणायचं, "जरा बारीक करा, आन् पटकन." पटकन म्हटलं की चाचीचं डोकं फिरायचं. "पटकन पायजे तर घरी जाऊन दातानं तोडा की!" असं ती तोंडावर सांगायची. गिऱ्हाईक हसायचं आणि थांबायचं. कारण सफाई पाहावी तर तिचीच.

ही सफाई तिच्या माहेरची. माहेर कुरुंदवाडचं, आई लग्नाकार्याला वजडी, म्हणजे बोकडाची आतडी, धुऊन द्यायची. आतडं नखानं फाडायचं, दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढायचं, वरून पाण्याची धार सोडायची, आणि पाणी नितळ होईपर्यंत थांबायचं नाही. "घाण ठेवून दुसऱ्याला दिलं तर खाणाऱ्याच्या न्हाई, देणाऱ्याच्या पोटात दुखतं," असं आई म्हणायची. नजीरानं ते गाठीला बांधलं. एवढं एक वाक्य माहेरून आणलं, बाकी आहेर कुठं गेला तो त्या बाबालालला विचारा.

बाबालाल म्हणजे नवरा. शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत होता, दमा लागला म्हणून घरी बसला. घरी बसला म्हणजे खरं तर ओंडक्याशेजारी खुर्ची टाकून बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अक्कल वाटत राहिला. त्या ओंडक्यावर दोघांचं घर चालत होतं, त्याच्या औषधासकट. नवरा-बायको आपसात दखनी बोलायचे, भांडण मात्र मराठीत. सगळ्या गल्लीला कळावं म्हणून.

तर चार वर्षांपूर्वी या ओंडक्यासमोर अनुजा येऊन उभी राहिली. हातकणंगल्याकडची शेतकऱ्याची पोरगी, विद्यापीठात पीएचडी करत होती. नाकावर रुमाल, हातात काचेच्या बरण्यांची पिशवी.

"चाची, ही आतडी तुम्ही टाकून देता काय?"

"मग काय लोणचं घालू?"

"मला द्याल?"

चाचीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बाबालालनं खुर्ची पुढं सरकवली. मांजरं मागतात, कोंबड्या पाळणारे मागतात, पण शिकलेली पोरगी आतडी मागते म्हणजे काहीतरी भानगड असणार.

भानगड अशी होती. माशांच्या पोटात जंत असतात. काही फितीसारखे चपटे, काही दोऱ्यासारखे, काही तोंडाला बारीक काटे असलेले. अनुजाला ते मोजायचे होते. रोहूत किती, कटल्यात किती, आणि या दोघांचा संकर होऊन जो मिश्र मासा तयार होतो त्याच्यात किती. तळ्यात दोघांचं बी एकत्र सोडलं, किंवा बी तयार करणाऱ्यानंच घोळ घातला, की असले मासे निघतात. त्या मिश्र माशाला आईबापांएवढेच जंत होतात, कमी होतात की जास्त, हे तिला शोधायचं होतं. सगळी पीएचडी त्या एका प्रश्नावर उभी होती.

"म्हंजे पोरानं आईबापाचं दुखणं घेतलं का न्हाई, असंच न्हवं?" चाचीनं विचारलं.

अनुजा बघतच राहिली. मग म्हणाली, "चाची, आमच्या सरांना हे सांगायला अर्धा तास लागला हुता."

त्या दिवसापासून दोघींचं जमलं. मिश्र मासा ओळखायलाही चाचीनंच तिला शिकवलं. डोकं कटल्यासारखं थोराड, अंग रोहूसारखं लांब, ओठ ना धड याचा ना धड त्याचा. गल्लीत त्याला 'मिसळ' म्हणायचे. अनुजा नंतर त्याचे खवले मोजायची, मापं घ्यायची, आणि दर वेळी चाचीचंच बरोबर निघायचं. चाचीला लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून बरण्यांना तिनं रिबिनी बांधल्या. रोहूला लाल, कटल्याला हिरवी, मिसळीला पिवळी. अनुजा सकाळी एका कॉलेजात शिकवायची, त्यामुळं तिला यायला दुपार व्हायची. आतडी लगेच औषधाच्या पाण्यात पडली नाहीत तर कुजतात. ते काम चाचीनं अंगावर घेतलं. मासा फाडला की आतडं उचललं, आहे तसं बरणीत टाकलं, रिबीन बघितली, झालं.

पहिल्या वर्षात रोहू आणि कटला पुरे झाले. मिसळ मात्र मिळेना. आठवड्यात एखादी दिसायची. शेवटी अल्ताफ म्हणून खेड्यापाड्यांतल्या तळ्यांवरून मासे आणणारा एक गाडीवाला होता, त्यानं कबूल केलं की मृग झाला की मिसळ बाजूला काढून देतो.

आणि मृगाच्या आधीच तो व्हिडिओ आला.

कुणी काढला, कुठला, देवाला ठाऊक. एका फाडलेल्या माशाच्या पोटातून पांढरी फीत वळवळत बाहेर येते, आणि मागं एक माणूस ओरडतो, "खावा आता मासे!" एवढंच. पण त्यात लिंबाचा ओंडका दिसत होता, आणि आमच्या गल्लीत लिंबाचा ओंडका एकट्या नजीराचाचीचा. झालं! अख्ख्या कोल्हापूरच्या मोबाइलवर तो किडा फिरला. जी माणसं वर्षातून दोनदा मासा खायची ती सगळ्यात जास्त बोंबलली. आठ दिवस चाचीसमोर एक मासा पडला नाही. शेजारचे कापणारे कापत होते, हिच्यापुढं येऊन गिऱ्हाईक वळून जायचं. बाबालालनं आयुष्यात पहिल्यांदा अक्कल वाटायची बंद केली, यावरून काय ते समजा.

मृगाच्या दिवशी सकाळी अनुजा कॉलेज बुडवून आली. जंत घातलेली एक बरणी तिनं ओंडक्यावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली आणि भर गल्लीत बोलायला लागली. पोरीचा आवाज असा की हातकणंगल्याच्या शिवारात पलीकडच्या बांधावर ऐकू जावा.

"हे बघा! हे जंत माशाच्या आतड्यात ऱ्हातात. आतडं आपण टाकतो. मासा नीट साफ केला, नीट शिजवला, की काय बी होत न्हाई. आन् हे चाचीच्या ओंडक्यावरनं येत न्हाईत, तळ्यातनं येतात. चाची, स्टोव्ह पेटवा."

"कशाला गं?"

"मासा तळा. मी खातो."

आता एक गोष्ट सांगायला हवी. अनुजाच्या घरात दर रविवारी मटण, पण मासा कधी उंबऱ्याच्या आत आला नव्हता. तिला स्वतःला शिजलेल्या माशाचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही. चाचीला हे ठाऊक होतं, कारण डबा खाताना पोरगी गल्लीच्या टोकाला जाऊन बसायची. तरी चाचीनं रोहू कापला, धुतला, मसाला लावला, तव्यावर टाकला. अनुजानं सगळ्या गल्लीसमोर पहिला तुकडा तोंडात घातला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. गिळला. दुसरा घेतला. गिळला. काटा काढून दाखवला आणि म्हणाली, "बघा, जित्ती हाय की न्हाई?"

कुणीतरी हसलं. मग एक म्हातारा पिशवीतून कटला काढून म्हणाला, "चाची, माझाबी कापा. पोरगी मेली न्हाई अजून." दुपारपर्यंत ओंडक्यासमोर रांग लागली.

चाचीनं त्या दिवशी कुणाला काही बोलून दाखवलं नाही. आभार मानायची तिला सवयच नव्हती. कुणी तिचे मानले तर ती "चल, हो पुढं" म्हणायची. पण रात्री ती बाबालालला म्हणाली, "ह्या पोरीचं काम आता मी माझ्या पोटच्या पोरीचं म्हणून करणार." आणि तिनं केलं. दुसऱ्या आठवड्यापासून अल्ताफची मिसळ यायला लागली. प्रत्येक मिसळीचं आतडं चाचीनं नखानं फाडलं, चिमटीत धरून ओढलं, पाण्याची धार सोडली, पाणी नितळ झालं की मगच पिवळ्या रिबिनीच्या बरणीत ठेवलं. अशी शंभर आतडी. अनुजाला सांगितलं नाही. आपल्या माणसासाठी दोन हात जास्त मारले तर ते काय सांगत बसायचं?

अनुजाला बरण्यांतली आतडी चिरलेली आणि रिकामी दिसायची. चिरलेली म्हणजे सत्तूर लागला असणार, असं तिनं धरलं. रिकामी का, म्हणून तिनं अल्ताफला विचारलं. तो म्हणाला, गाडीत घालायच्या आधी मासे एक दिवस जाळ्यात उपाशी ठेवतो, वाटेत घाण करू नयेत म्हणून. तिला ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

मग एका सोमवारी अनुजा पेढे घेऊन आली. चपला वाजवत, लांबूनच ओरडत.

"चाची! मिसळीत जंतच न्हाईत! रोहूत शंभरातल्या चाळीस माशांत, कटल्यात पस्तिसांत, आन् मिसळीत कितींत म्हाइतीय? तीन! फकस्त तीन! सर म्हणाले, असलं कुणालाच गावलं न्हाई. पुढच्या सोमवारी लेख पाठवणार. छापून आला की लोक ह्येच मासे पाळणार, तळ्यातळ्यांत ह्येच बी सोडणार!"

चाचीच्या हातातला सत्तूर वरच्या वर थांबला.

मिसळीत जंत नाहीत? तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितले होते. तिच्या बोटांमधून निसटून, पाण्याबरोबर गटारात गेले होते. पांढरे, चपटे, कधी दोन, कधी पाच. कटल्यापेक्षा जास्तच. ते जे तीन मासे सापडले ते तिच्या नखातून सुटलेले.

"पेढा घ्या की," अनुजा म्हणाली. चाचीनं पेढा घेतला आणि तोंडात धरून ठेवला.

तीन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. गिऱ्हाइकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं, कारण शिवीसुद्धा मिळेना. तिसऱ्या दिवशी तिनं बाबालालला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, खोकला, आणि म्हणाला, "गप ऱ्हा. कुणाला कळणार हाय? पोरगी खूश, तिचा सर खूश. तू तोंड उघडलंस तर तिचं एक वरीस पाण्यात. आन् तुझं तोंड ती पुन्यांदा बघायची न्हाई."

"आन् उद्या माणसं ह्येच मासे चांगले म्हणून पाळायला लागली तर?"

"माणसं काय, काय बी पाळतात."

"आन् परवा दुसऱ्या कुणी पोट फाडून बघितलं, तर खोटी कोण पडंल? मी का ती?"

अक्कल राहिली बाजूला, बाबालाल औषध घ्यायला उठला.

खरं सांगायचं तर चाचीला भीती वाटत होती. जिनं आपला ओंडका वाचवला, तिचंच काम आपण आपल्या हातानं धुऊन टाकलं, हे तिला सांगायचं कसं? शब्द जुळेनात. चौथ्या दिवशी तिनं ठरवलं की सांगायचंच नाही, दाखवायचं. अल्ताफकडून एक मिसळ मागून घेतली, पाण्यात ठेवली आणि अनुजाची वाट बघत बसली.

दुपारी अनुजा आली. चाची म्हणाली, "पोरी, हिथं उभी ऱ्हा. माझा हात बघ. मधी बोलू नगंस."

तिनं मासा फाडला. आतडं उचललं. नखानं उभं चिरलं, दोन बोटांच्या चिमटीत धरून हळूहळू ओढलं, वरून तांब्यानं धार सोडली. पांढऱ्या फिती एकामागून एक सुटल्या आणि ओंडक्यावरून ओघळून खाली पडल्या. चार होत्या. चाचीनं धुतलेलं, लखलखीत आतडं पिवळ्या रिबिनीच्या बरणीत टाकलं आणि झाकण लावलं.

अनुजा खाली पडलेल्या फितींवर वाकली. "चाची... हे कधीपासनं?"

"मिसळ यायला लागल्यापासनं. पहिल्यापासनं."

"सगळी शंभर?"

"शंभरच्या शंभर." चाचीनं ओले हात पदराला पुसले. "तू मासा खाल्लास तवापासनं. घाण कशी द्यावी तुला, म्हणून धुतली. माझं चुकलं गं पोरी. पाया पडतो तुझ्या, पर त्ये छापू नगंस."

अनुजा मासे आणायच्या क्रेटवर बसली. मग उठली, बरणी उचलली आणि निघून गेली. बाबालालनं "मी म्हटलं नव्हतं?" म्हणायला तोंड उघडलं, पण बायकोचा चेहरा बघून मिटलं.

शुक्रवार गेला, शनिवार गेला, रविवारची गर्दीही गेली. सोमवार उजाडला, लेख पाठवायचा दिवस. चाची ओंडका घासत होती. आधीच स्वच्छ होता, तरी घासत होती. एवढ्यात समोर पिशवी आदळली. आत रिकाम्या बरण्या होत्या, आणि नव्या पिवळ्या रिबिनीचं एक अख्खं बंडल.

"लेख थांबवला," अनुजा म्हणाली. डोळे सुजलेले होते. "सर लई चिडले. मग म्हणाले, बरं झालं आत्ता कळलं. सहा महिन्यांची मुदत मिळालीय. मिसळीचे शंभर मासे पुन्यांदा तपासायचे. आन् चाची..."

"काय?"

"ह्या टायमाला जरा घाण ठेवा."

चाची रडली. इतक्या वर्षांत गल्लीनं तिला रडताना बघितलं नव्हतं. सत्तुरानं बोट कापलं तेव्हाही तिनं सत्तुरालाच शिव्या घातल्या होत्या. आज पदरानं डोळे पुसत होती आणि वरून गिऱ्हाइकांवर खेकसत होती, "काय बघताय? कांदा लागलाय डोळ्याला!" मासे कापायच्या गल्लीत कांदा कुठून आला, हे कुणी विचारलं नाही.

ते सहा महिने चाची अजून सांगते. अल्ताफ पार कुरुंदवाडपर्यंतची तळी पालथी घालायचा. शेजारचे कापणारे, ज्यांच्याशी चाचीचं रोज पाण्याच्या नळावरून वाजायचं, तेही मिसळ दिसली की हाक मारायचे. अनुजानं सकाळची कॉलेजातली वेळ बदलून घेतली आणि पहाटे स्वतः येऊन उभी राहायला लागली. चाची मासा फाडायची आणि दोन्ही हात मागं घ्यायची. हात शिवशिवायचे, नळाकडं जायचे, ती त्यांना आवरायची. मिसळीचे आकडे जमले. शंभरातल्या बावन्न माशांत जंत, आईपेक्षाही जास्त, बापापेक्षाही जास्त. पोरानं दोघांचं दुखणं घेतलं होतं.

शेवटची तोंडी परीक्षा विद्यापीठात होती. ती उघड असते, कुणीही येऊन बसावं. अनुजानं गाडी पाठवून चाचीला नेलं. चाची नवी साडी नेसून शेवटच्या रांगेत बसली, शेजारी बाबालाल, इस्त्रीच्या शर्टात, खोकला दाबत. अनुजा तासभर बोलली. चाचीला त्यातलं पिवळ्या रंगाच्या खांबांचं चित्र तेवढं कळलं. पिवळा रंग आपला, मिसळीचा.

परगावाहून आलेले परीक्षक वयस्कर होते. त्यांनी प्रबंधाची पानं उलटली आणि मराठीत विचारलं, "इथं तुम्ही लिहिलंय की पहिले शंभर नमुने रद्द केले, कारण ते धुतले गेले होते. हे तुम्हाला समजलं कसं?"

"ज्यांनी धुतले त्यांनीच सांगितलं, सर. त्या मागं बसल्यात."

सगळ्यांच्या माना वळल्या. चाची उठून उभी राहिली. बाबालालनं तिच्या साडीचा काठ धरून ठेवला होता, ती पळून जाईल म्हणून की काय.

परीक्षकांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही बोलला नसता तर आमच्यापैकी कुणाला कळलं असतं का?"

"न्हाई, सायेब."

"मग सांगितलंत का?"

चाचीनं आधी अनुजाकडं बघितलं.

"सायेब, हिला माशाचा वास सोसत न्हाई. तरी ही समद्या गल्लीसमोर माझ्या हातचा मासा जेवली. नाक न दाबता जेवली. माझ्या हाताचा भरवसा धरून जेवली. तिच्याच ताटात मी खोटं कसं वाढू?"

परीक्षकांनी प्रबंध मिटला. म्हणाले, मला आणखी काही विचारायचं नाही.

त्या संध्याकाळी डॉक्टर झालेली अनुजा थेट गल्लीत आली, क्रेटवर बसली आणि म्हणाली, "चाची, तळा एक." चाचीनं रोहू तळला. अनुजानं आयुष्यात दुसऱ्यांदा मासा खाल्ला, अख्खा, शेपटीपर्यंत. डोळ्यांतून पाणी या वेळीही आलंच. वासानं आलं, असं ती म्हणाली.